बाळंतपण करायला घरी कोणीच नसेल तर?

उशिरालतीफ
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पण आता पाणी गळ्याशी आलंय. बायकोला आठवा लागलाय, तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. माझी आई साताऱ्याला, वय ७१, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ती "मी येते की" म्हणते, पण आली तर मला दोन बाळंतिणी सांभाळाव्या लागतील. आम्ही पुण्यात वाकडला, तिसऱ्या मजल्यावर, दोघंच. आमच्या कंपनीत बापाला पाच दिवस रजा.
सव्वा महिना कसा काढायचा? डबा लावू? चोवीस तासांची बाई ठेवू? डिंकाचे लाडू विकतचे चालतात का? मी याद्या करत बसलो होतो, तर बायको म्हणाली, "लाडवांचं सोड, रात्री दोन वाजता मला भूक लागली तर कोण उठणार ते सांग." उत्तर सुचलं नाही, म्हणून हा धागा.

तिखटमीठ
अभिनंदन! धागा बापाने काढलाय म्हणजे अर्धं बाळंतपण झालंच.

चिवडा
उरलेलं अर्धं इथले काका-काकू भांडून पार पाडतील. मी खुर्ची घेऊन बसलो आहे.

मेतकूटभात
गेल्या वर्षी आम्ही यातूनच गेलो, म्हणून सविस्तर लिहिते.
आम्ही एका एजन्सीकडून चोवीस तासांची बाई ठेवली. हल्ली 'जापा बाई' म्हणतात. (हा शब्द हिंदीतून आलाय. आपल्याकडे 'बाळंतिणीची बाई' म्हणत. असो.) एजन्सीने एका महिन्याचं कमिशन आगाऊ घेतलं. बाई छान होती, बाळाला अलगद न्हाऊ घालायची. नवव्या दिवशी गावाकडून फोन आला आणि ती संध्याकाळच्या गाडीने गेली. एजन्सी म्हणाली, "दुसरी पाठवतो." त्यांची दुसरी अजून यायचीय आणि आमचा मुलगा आता चालायला लागलाय.
त्यातून शिकले ते इतकंच की सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका. मालिशवाल्या मावशी वेगळ्या, स्वयंपाकाच्या वेगळ्या, केर-भांडी-कपडे वेगळे. एकीने दांडी मारली तरी बाकीचं घर चालतं. शिवाय एकीच्या डोक्यावर तीन कामं टाकली की दुपारी बाळ झोपतं तेव्हा ती कपडे वाळत घालत असते आणि तुम्ही भात लावत असता. आणि रात्रीची पाळी नवऱ्यानेच करायची. त्याला बाई मिळत नाही, मिळाली तरी परवडत नाही.
मालिशवाल्या मावशी आत्ताच ठरवा. चांगल्या मावशींची सकाळ दोन-दोन महिने आधी भरलेली असते. सोसायटीत नुकतीच बाळंतीण झालेली कोणी असेल तिला विचारा, त्यांची साखळी असते. इंटरनेटवर त्या सापडायच्या नाहीत.

आल्मेरकर
मी नेदरलँड्समध्ये असतो. इथे याची रीतसर सोय आहे आणि ती पाहून मी थक्क झालो होतो. 'क्रामझोर्ख' म्हणतात. बाळ झालं की घरी एक प्रशिक्षित बाई येते आणि पहिले आठ-दहा दिवस रोज काही तास थांबते. एकूण साधारण ४९ तास, कमीत कमी २४, अडचण असेल तर ८० पर्यंत. बहुतेक खर्च सक्तीच्या मूळ आरोग्य विम्यातून जातो, आपण तासाला थोडे युरो भरायचे. नाव मात्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच नोंदवावं लागतं.
ती काय करते? टाके बघते, ताप घेते, बाळाचं वजन करते, दूध लागतं का ते शेजारी बसून बघते. संडास-बाथरूम पुसते, मोठ्या मुलाला खायला घालते. पाहुणे जास्त वेळ बसले तर त्यांना उठवतेसुद्धा! आणि ती यायच्या आधी पलंगाखाली ठोकळे लावून तो वर उचलावा लागतो, म्हणजे तिला वाकावं लागू नये. हे ठोकळे आणायला मी विसरलो होतो. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तसाच सायकलवर बसलो.
गंमत म्हणजे बाळ बघायला येणाऱ्यांना इथे लोणी लावलेल्या टोस्टवर साखरेत घोळवलेली विलायती बडीशेप देतात, मुलगी असेल तर गुलाबी-पांढरी, मुलगा असेल तर निळी-पांढरी. ती आईला दूध येण्यासाठी चांगली अशी जुनी समजूत. म्हणजे आपली बाळंतशेपच की! माझ्या आईने पुण्याहून आणलेली बाळंतशेपेची सुपारी त्या बाईला दिली, तर तिने मूठभर खाल्ली.

चिवडा
म्हणजे पाहुणे उठवायला विम्यातून माणूस मिळतो? मी सहकुटुंब येतोय.

गोडंबी
लाडवांबद्दल. विकतचे चालतात, पण त्यात डिंक कमी आणि पिठीसाखर जास्त. घरी करणं अवघड नाही, वेळ लागतो एवढंच.
डिंक बारीक निवडायचा. मोठा खडा बाहेरून फुलतो आणि आत कच्चा राहतो, मग तो दाताला असा चिकटतो की बाळंतीण तुमच्या नावाने शंख करेल. तूप मध्यम तापवून एक खडा टाकून बघा. तडतडून लाहीसारखा पांढरा झाला की चिमूट-चिमूट करत तळा. मूठभर एकदम टाकलात तर तुपाचा जीव जातो आणि डिंक निजतो. गार झाल्यावर वाटीच्या बुडाने चुरा. खारकेची पूड, किसून भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, बदाम, गोडंबी, सुंठ, जायफळ. गुळाचा पाक नको, गूळ तुपात नुसता विरघळवून गरम असतानाच वळा.
मेथीचे करणार असाल तर मेथीचं पीठ आठवडाभर आधी तुपात भिजवून ठेवा, कडूपणा बराच मोडतो. पूर्ण मोडत नाही. मोडला म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.
अळीव मात्र आयत्या वेळी. पाव वाटी अळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवा, फुगून वाटीभर होतील. दोन वाट्या ओलं खोबरं, वाटीभर गूळ, कढईत आटवून वळले की झालं. ओल्या नारळाचे असल्याने फ्रीजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. डिंकाचे महिनाभर टिकतात, म्हणजे ते जानेवारीअखेर करून ठेवता येतील. उशिरालतीफ, तुम्हीच करा. व्हिडिओ बघून बाईक दुरुस्त करता ना?

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात मेथ्यांची पेज. उकडा तांदूळ, मेथी, नारळाचा रस, गूळ. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्या दिवशी स्वतःहून मागतो माणूस.

माहीमची_पोर
आमच्याकडे लाडू नंतर, आधी मोरी! दूध येण्यासाठी मोरी माशाचं कालवण. शाकाहारी मंडळींनी डोळे मिटावेत.

वेखंड
सगळं ठीक, पण शेक-शेगडीचं कोणी बोलतच नाही. बाळंतिणीचा अग्नी मंद असतो, वात वाढलेला असतो. बाजेखाली शेगडी, वेखंड-ओव्याची धुरी, पाणी मोजून आणि उकळलेलं, बटाटा, वांगं, हरभरा डाळ बंद. आमच्या आजीची अकरा बाळंतपणं अशीच झाली.

तिखटमीठ
अकरातली किती जगली हेही लिहा.

वेखंड
सात. पण तो काळ वेगळा होता.

टाके_घालणारी
कोल्हापुरात २२ वर्षं प्रसूतीच करतेय, म्हणून इथे बोलणं भाग आहे.
वेखंड, शेक चांगलाच. कंबर-पाठ दुखते तिथे गरम पाण्याची पिशवी घ्या, कोमट तेलाने मालिश करा, कोणी नको म्हणत नाही. पण दारं-खिडक्या लावलेल्या फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळेपर्यंत माणूस गेलेलं असतं. आजींची खोली कौलारू होती, हवा खेळायची. तुमची स्लायडिंगची आहे. धूर बाळाच्या फुप्फुसांनाही नको.
पाणी मोजून देणं तर सगळ्यात वाईट. "पोट सुटेल" म्हणून दिवसाला तीन पेले पाणी दिलेली मुलगी माझ्याकडे मूळव्याध आणि लघवीचा संसर्ग घेऊन येते. तहान लागेल तितकं प्यावं. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, प्रथिनंही जास्त. लाडवांत तूप-गूळ भरपूर, म्हणून ते ऊर्जेला ठीक, पण डाळ, उसळ, दही, अंडी, मासे यांची जागा ते घेत नाहीत. आपल्या पथ्याच्या ताटात मऊ भात, तूप, मेतकूट असतं आणि पालेभाजी सोडून सगळं "वातूळ" असतं. मुगाचं वरण आणि हरभऱ्याची उसळ यांत फरक करा, एवढंच वेखंड यांचं मी मान्य करेन. लोह-फॉलिक आणि कॅल्शियमच्या गोळ्याही बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायच्या. बहुतेकजणी बारशानंतर विसरतात.
बाळाला सहा महिने अंगावरचं दूध आणि डॉक्टर सांगतील ती औषधं-थेंब, बाकी काही नाही. मध तर वर्षभर अजिबात नाही. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. नाका-कानात तेल नको. सिझेरियन झालं तर टाके भरेपर्यंत पोटाला मालिश नको, पाय-पाठ चालेल.
उशिरालतीफ, फ्रिजवर चिकटवा: तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, ताप, घाण वासाचा स्राव, असह्य डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीला सूज-दुखणं. यातलं काहीही दिसलं तर "सकाळी बघू" नाही, तडक दवाखाना.

वेखंड
पटलं नाही, पण शेगडीचा मुद्दा मागे घेतो. सुंठ मात्र सोडणार नाही.

टाके_घालणारी
सुंठ घ्या हो. मीही घेतली होती.

धडगावची_सिस्टर
शहरातले लोक पैसे देऊन माणूस शोधतात, म्हणून आमच्याकडचं सांगते. मी नर्स, नंदुरबार जिल्ह्यात. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशा सेविका घरी सहा वेळा जाते: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. बाळाला झोळीत घालून काट्यावर वजन, ताप, नाळ, श्वास, दूध ओढतंय का, आईला ताप आहे का, सगळं बघते. या घरी जाऊन बघण्याची पद्धत गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या 'सर्च' संस्थेने आधी करून दाखवली, मग देशभर गेली. शिवाय अमृत आहार योजनेत आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. सरकारी दवाखान्यात नॉर्मलला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण फुकट.
कागदावर हे सगळं छान. पण पाड्यावरून अंगणवाडी दीड किलोमीटर असेल तर ओली बाळंतीण जेवायला चालत येणार कशी? मग सासू डबा न्यायला येते, आणि डब्यातलं घरी चार जण वाटून खातात. आमची एक आशा डबा घेऊन स्वतः जाते आणि बाई जेवेपर्यंत उंबऱ्यात बसून राहते. "भांडं न्यायचंय" म्हणते. भांडं न्यायचं नसतं.

मेतकूटभात
सिस्टर, शेवटची ओळ वाचून थांबले.

निनावी_आज
आयडी बदलून लिहितेय. माझ्याकडे सगळं होतं. आई होती, सासूबाई होत्या, मालिशवाली होती, लाडवांचे तीन डबे होते. चौथ्या दिवशी दूध उतरलं आणि मी दिवसभर रडले. सगळ्यांनी सांगितलं, होतं असं. खरंच होतं, बहुतेकींचं दहा-पंधरा दिवसांत निवतं. माझं निवलं नाही. बाळ झोपलं तरी मला झोप लागेना, छताकडे बघत पडायचे. खोलीत माणसं भरलेली, आणि प्रत्येकाचं लक्ष बाळाकडे. "दूध पुरतंय का" हे मला दिवसातून दहा वेळा विचारलं जायचं. "तू झोपलीस का" हे दीड महिन्याने पहिल्यांदा लसीकरणाच्या नर्सने विचारलं. तिच्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. पाजत असताना चालणारी औषधं असतात, हे मला माहीतच नव्हतं. चार महिन्यांत बरी झाले.
धागाकर्ते, लाडू कराच. पण तो एक प्रश्न रोज विचारा.

उशिरालतीफ
निनावी_आज, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बायकोलाही वाचायला दिलं. ती काही बोलली नाही, पण "हे सेव्ह करून ठेव" म्हणाली.

पानसुपारी
वय ६६. मी दोन लेकींची आणि एका सुनेची, तिघींची बाळंतपणं केली. बघा, मराठीत बाळंत होते एक आणि बाळंतपण 'करते' दुसरीच. कष्ट कोणाचे ते भाषेला ठाऊक आहे, घरच्यांना नाही.
तिसरं न्यू जर्सीत. बॅगेत कपडे कमी, अळीव, बाळंतशेप, खारीक जास्त. सहा महिन्यांचा व्हिसा, बाहेर बर्फ, घरात मी. जावई सातव्या दिवशी कामावर, कारण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बाळंतिणीलाच मिळते ती बारा आठवड्यांची रजा बिनपगारी, आणि तीही सगळ्यांना नाही. लेक आणि बाळ झोपले की मी मेथी निवडायचे. माझी पाठ धरली. कोणाला सांगणार? आजीला आनंद झालेला असतो ना!
म्हणून उशिरालतीफ, तुमच्या आईला आणा. पण कामाला आणू नका. त्यांना बाळाशेजारी खुर्चीत बसवा, त्या लसूण सोलतील, बाळाला मांडीवर घेतील, "असं रडतं ते पोटात वारा धरलाय म्हणून" एवढं सांगतील. त्याची किंमत कुठल्याही बाईच्या पगारात बसत नाही. आणि स्वयंपाकाच्या मावशींना आधीच सांगा की माणसं तीन, खाणारी चार.

चिवडा
आजी, "जावई सातव्या दिवशी कामावर" वाचून आठवलं, माझ्या साहेबाने मला विचारलं होतं, "तुला कशाला रजा, तू काय पाजणार आहेस?"

मु_पो_कोथरूड
केंद्र सरकारी पुरुषाला १५ दिवस मिळतात. खासगीत बापासाठी कायदाच नाही. आईला २०१७ पासून पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे, तेही दहा आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. तुमच्या घरी येणाऱ्या मालिशवाल्या मावशींना किती मिळते ते त्यांनाच विचारून बघा.

मेतकूटभात
विचारलं होतं. त्या स्वतःच्या बाळंतपणानंतर एकविसाव्या दिवशी दुसऱ्यांची बाळं न्हाऊ घालत होत्या.

वेखंड
(या धाग्यावर माझी तोंडावर पडायची सवय झालीय.) पण खरं आहे.

उशिरालतीफ
मंडळी, मार्च उजाडला. मुलगी! नॉर्मल, दोन किलो नऊशे. उशिरा कळवतोय, आयडीला जागतोय.
केलं ते असं. मालिशवाल्या मावशी मेतकूटभात यांच्या सल्ल्याने डिसेंबरातच ठरवल्या. स्वयंपाकाच्या मावशी दोन वेळच्या. डबा लावून बघितला होता, पण तो बाराला यायचा आणि हिला भूक साडेदहाला लागायची, चौथ्या दिवशी बंद केला. आई आली. खुर्ची, लसूण, "वारा धरलाय", सगळं पानसुपारी आजींनी लिहिल्याबरहुकूम. पाच दिवसांच्या रजेला मी साठवलेल्या चौदा जोडल्या आणि आता महिनाभर घरून काम करतोय. साहेब नाराज आहे. असू दे.
डिंकाचे लाडू मी केले. पहिला घाणा करपला, दुसऱ्यात गोडंबी यांनी सांगितलेले निजलेले खडे निघाले, तिसरा जमला. आईने एक खाल्ला आणि म्हणाली, "बरा झालाय." ज्यांना माझी आई माहीत नाही त्यांच्यासाठी: हे पदक आहे.
आणि रात्री दोनचं उत्तर: उशाशी एक थर्मास, त्यात सुंठ घातलेलं गरम दूध. शेजारी झाकणाच्या डब्यात एकाच हाताने खाता येईल असं काहीतरी, म्हणजे लाडू, घडीची पोळी गूळ-तूप लावून गुंडाळून, किंवा उकडलेलं अंडं सोलून. दुसऱ्या हातात बाळ असतं हे कुठल्याच पाककृतीत लिहिलेलं नसतं. शू-शी मी बदलतो, ही पाजते आणि खाते. चुळबुळ झाली की आई तिकडून विचारते, "झोपलीस का गं?" हिने पहिल्यांदा हसून उत्तर दिलं, "झोपले असते तर उठवलंत."

निनावी_आज
वा!

टाके_घालणारी
गोळ्या चालू आहेत ना?

उशिरालतीफ
आहेत. फ्रिजवर यादीही आहे, मुलीच्या पावलांच्या ठशाखाली.

लतीफची_बायको
आज आयडी काढला. सगळ्यांचे आभार. एक दुरुस्ती: घरात मेथीचेही लाडू आहेत, ते या गृहस्थांनी लिहिलं नाही. कडूपणा मोडलेला नाही. अकरा उरलेत. वाकडला कोणी येणार असेल तर डबा घेऊन या.

चिवडा
मी पाहुणा म्हणून आलो तर उठवायला तुमच्याकडे माणूस आहे का?

लतीफची_बायको
सासूबाई आहेत.